आपला वाटा आणि दुसऱ्याचा वाटा

प्रपंच सांभाळून परमार्थ करावा, हे वारकऱ्याला नव्याने सांगावयास नको. परंतु प्रपंच म्हणजे नुसती पेरणी, कापणी आणि लेकरांची लग्ने एवढाच राहिलेला नाही. साठविलेला पैका कोठे ठेवावा, हातची नोकरी सोडून दुसरी धरावी काय, कर्ज काढून शहरात घर घ्यावे काय, असले प्रश्न माळकऱ्याच्याही घरात निघतात. पुष्कळांची समजूत अशी की, हे बँकेतल्या माणसाला विचारावयाचे प्रश्न. त्यांत नीती-अनीतीचा काय संबंध? पैसा कोठे किती वाढेल, हे बँकेतला माणूस सांगेल खरे. पण तो पैसा कोणाकोणाचा आहे, हे काही तो सांगणार नाही; आणि खरा प्रश्न तोच आहे.

तुकोबारायांच्या घरी पिढीजात महाजनकी होती, लोकांकडे येणे होते. दुष्काळानंतर त्यांचे मन विटले आणि येण्याचे कागद त्यांनी इंद्रायणीत बुडविले, अशी परंपरागत कथा आहे. कथेचा एवढा भाग कीर्तनात रंगतो. पण दुसरा भाग पुष्कळदा घाईत निसटतो. त्या कागदांचे दोन वाटे झाले होते. धाकटे बंधू कान्होबा यांचा वाटा त्यांच्या हाती गेला आणि तुकोबांनी डोहात टाकला तो केवळ आपला. वैराग्य एवढे तीव्र, पण भावाच्या कागदाला धक्का नाही! भावाचे येणेही त्यांनी बुडविले असते तर ऋणको सुखावले असते. परंतु तो त्याग झाला नसता, भावाच्या ताटात हात घालणे झाले असते. त्याग असो की साहस, दोन्ही आपल्या वाट्याचीच करावी, हा या कथेचा बोध आहे.

दिंडीत चालणाऱ्याला हे अनुभवाने ठाऊक आहे. सर्वांची भिशी दिंडीचालकाजवळ जमा होते. उद्या त्याने ती रक्कम कोणा 'दाम दुप्पट'वाल्याकडे लावली आणि ती बुडाली, तर वाटेत पंगत कशाची बसवणार? "अहो, मी दिंडीच्या भल्यासाठीच केलं," असे तो म्हणाला, तर कोणी ऐकून घेईल काय? घरच्या कर्त्या माणसाचे असेच आहे. त्याच्या नावावरचा सगळा पैसा त्याचा नसतो. त्यात म्हाताऱ्या आईबापांचे औषध असते, बायकोचे उतारवय असते, पोरांची शाळा असते. तोही एका लहानशा दिंडीचा भिशी सांभाळणाराच आहे.

आता ठेवीचे पाहू. दोन वर्षांत दाम दुप्पट म्हणजे दरसाल दर शेकडा ४१ हून अधिक वाढ. शेकडा ९ दराने चक्रवाढीने रक्कम दुप्पट व्हावयास सुमारे ८ वर्षे लागतात. मग ४१ टक्के देणारा ते आणतो कोठून? बहुधा मागाहून येणाऱ्याच्या ठेवीतून, म्हणजे आपल्याच शेजाऱ्याच्या खिशातून. आपले नशीब म्हणून मिळालेला तो नफाही दुसऱ्याचाच वाटा असतो. सुरक्षित ठेवीलाही मर्यादा आहे. बँकांतील ठेवींचा विमा १९६२ साली सुरू झाला. एका बँकेत एका ठेवीदारामागे ही मर्यादा १ लाख रुपये होती, ती २०२० साली ५ लाख करण्यात आली. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे, पतसंस्थांना नाही. पाटीवर 'सहकारी' असे वाचून म्हातारीचे औषधपाण्याचे पैसे ठेवण्यापूर्वी एवढे विचारून घेणे, हे कर्त्याचे कर्तव्यच आहे.

घराचे तर त्याहून अवघड. ३० लाखांचे कर्ज शेकडा ९ दराने २० वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे २७ हजार येतो आणि एकूण फेड पावणेपासष्ट लाखांच्या घरात जाते. म्हणजे मुद्दलाहून व्याज अधिक. घर घेऊ नये असे नव्हे. डोक्यावर आपले छप्पर असावे, ही इच्छा काही पाप नाही. पण २० वर्षे तो हप्ता कोण ओढणार, त्यासाठी कोणाची कोणती गरज मागे पडणार, हे घरातल्या सर्वांसमोर मांडले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी गावची वडिलोपार्जित जमीन विकून शहरात घर होते. तेथे बहिणीचा वाटा असतो. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि ११ वर्षांनी, २००५ साली, साऱ्या देशात मुलीला तो हक्क कायद्याने मिळाला. तिने समजून-उमजून सोडला, तर तो तिचा त्याग. पण भाऊबीजेला साडी द्यावयाची आणि काय लिहिले आहे ते न सांगता हक्कसोडपत्रावर सही घ्यावयाची, ही कोणती रीत? अशा घराच्या दारावर तुळस लावली, तरी पाया बहिणीच्या वाट्यावरच उभा असतो.

नोकरीच्या बाबतीत हा नियम दोन्ही बाजूंनी कापतो. कर्त्याने नोकरी सोडून धंद्यात उडी घ्यावी, पण घरखर्चाचे काही महिने आधी बाजूला काढून. कारण उडी त्याची असली, तरी उपास पोरांना घडतो. उलट, मुलाला दूरगावी चांगले काम मिळत असता "आमचं कोण बघणार?" म्हणून त्याचा पाय ओढणाऱ्या बापानेही विचार करावा. सांभाळ मागणे हा बापाचा हक्क आहे. परंतु मुलाचे सारे आयुष्य काही बापाच्या वाट्याचे नव्हे. तसेच बापाचा भविष्यनिर्वाह निधी हा मुलाच्या घराचा पहिला हप्ता नव्हे. बापाने आनंदाने दिला, तर गोष्ट वेगळी.

येथे कोणी म्हणेल, "एवढा हिशेब, एवढी तरतूद, हा पांडुरंगावर अविश्वास नव्हे काय?" वारीत पाहा. पालखीच्या वाटेवर तंबू पुढे जातात, शिधा भरलेला असतो, पाण्याची सोय केलेली असते. पावसासाठी प्लास्टिकचा कागद जवळ न घेणारा काही अधिक श्रद्धावान ठरत नाही. सर आली की तो शेजाऱ्याच्या कागदाखाली शिरतो. आपण निष्काळजी राहून दुसऱ्याच्या तरतुदीवर जगणे, याला भक्ती म्हणू नये.

दुसरी शंका अधिक खरी आहे. सगळेच वाटे असे वेगळे काढता येत नाहीत. आईची शस्त्रक्रिया आणि मुलीचे शिक्षण एकाच पिशवीतून व्हावयाचे असते. तेथे कोणता कागद कोणाचा? याला ठोक उत्तर नाही. एवढेच म्हणता येते की, ज्यांचा वाटा पणाला लागतो, त्यांना बसवून, खरे आकडे सांगून, मग ठरवावे. आकडे लपवून मिळविलेला होकार हा होकार नव्हे. आणि सर्वांच्या संमतीने घेतलेला निर्णय पुढे चुकला, तरी घर फुटत नाही. फसवून घेतलेला निर्णय फळला, तरी मने फुटतात.

म्हणून कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी गृहस्थाने आपल्या द्रव्याचे दोन ढीग करून पाहावे. एक आपला, दुसरा ज्यांचा आपल्यावर भार आहे त्यांचा. धाडस करावयाचे, दान करावयाचे, की इंद्रायणीत बुडवावयाचे, ते पहिल्या ढिगातून. दुसरा ढीग ज्याचा त्याच्या हाती नीट पोचवावा.