क्षमेतून उभा राहिलेला भगिनीसंघ



संत क्लॉडिन थेवने ह्यांचा सण ३ फेब्रुवारीला येतो. हे नाव पुष्कळांना अनोळखी वाटेल. पण पुण्याच्या कॅम्पातले जीझस अँड मेरी कॉन्व्हेंट कोणाला माहीत नाही? लेकीला तिथे प्रवेश मिळावा म्हणून आईबाप खेटे घालतात. येशू-मरियेच्या धर्मभगिनींनी १८६० साली सुरू केलेल्या ह्या शाळेचे मूळ मात्र एका बहिणीच्या दुःखात आहे.

क्लॉडिनचा जन्म ३० मार्च १७७४ रोजी फ्रान्समधील ल्यों शहरात झाला. वडील रेशमाचे व्यापारी, घरात सात भावंडे. घरचे लोक तिला लाडाने ग्लाडी म्हणत. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत ल्यों शहराने पॅरिसच्या सरकारविरुद्ध बंड केले आणि १७९३ च्या ऑक्टोबरमध्ये शहर पडले. मग धरपकड सुरू झाली. क्लॉडिनचे दोन भाऊ, लुई आणि फ्रान्स्वा, शहराच्या बाजूने लढले होते. जानेवारी १७९४ मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांना वधस्थळी नेत असताना एकोणीस वर्षांची क्लॉडिन वाटेवर उभी होती. जाता जाता भाऊ तिला म्हणाला, "ग्लाडी, आम्ही क्षमा करतो तशी तूही क्षमा कर."

भावांचा मृत्यू तिने डोळ्यांनी पाहिला. त्या धक्क्याने तिची मान थरथरू लागली आणि श्वासाचा त्रास जडला. तो कंप जन्मभर गेला नाही.

बंधुभगिनींनो, इथे क्षणभर थांबू या. क्षमा केली म्हणजे सारे विसरायचे, असे आपण समजतो. "मी माफ केलं, पण मनातून जात नाही" असे कबुलीच्या वेळी किती जण म्हणतात! क्लॉडिनच्याही मनातून गेले नव्हते. मनातून कशाला, शरीरातूनही गेले नव्हते. तरी तिची क्षमा खरी होती, कारण सूडाच्या वाटेला न जाता तिने आपले हात दुसऱ्या कामाला लावले.

ते काम प्रभूने दाराशी आणून ठेवले. राज्यक्रांतीनंतर ल्यों शहरात अनाथ मुली रस्त्यावर फिरत होत्या. १८१५ साली फादर आंद्रे कुआंद्र ह्यांना सेंट निझिए चर्चच्या दाराशी थंडीने कुडकुडणाऱ्या दोन मुली सापडल्या. त्यांनी त्या क्लॉडिनकडे आणल्या. ऑक्टोबर १८१८ मध्ये तिने आपले घर सोडले आणि एका लहानशा घरात संसार मांडला. त्या घरात होते काय? एक कामकरी बाई, एक अनाथ मुलगी आणि एक माग. पहिल्या रात्री तिला वाटले, हा वेडेपणा आहे, टिकायचा नाही.

मागाचे महत्त्व आपल्याला सांगायला नको. येवल्याची पैठणी विणणाऱ्यांच्या घरात चूल मागावरच पेटते. ल्यों तर रेशमाचेच शहर. मुलींना प्रार्थनेबरोबर विणकाम शिकवले, म्हणजे उद्या त्यांना कोणापुढे हात पसरावा लागणार नाही, हा क्लॉडिनचा हिशेब. अन्न-वस्त्र दिले की दया संपली, असे तिने मानले नाही. देवाला न ओळखता जगणे आणि मरणे हेच तिच्या मते सर्वांत मोठे दुर्दैव होते. पुढे मेरी ऑफ सेंट इग्नेशियस हे नाव घेऊन त्या भगिनींच्या मदर झाल्या आणि ३ फेब्रुवारी १८३७ रोजी "देव किती चांगला आहे!" असे म्हणत प्रभूकडे गेल्या. पाच वर्षांनी, १८४२ मध्ये, त्यांच्या भगिनी आग्र्याला पोहोचल्या. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी २१ मार्च १९९३ रोजी मदरना संतपद बहाल केले.

आता आपल्याकडे पाहू. खराडीत आपण निरनिराळ्या गावांहून येऊन राहिलो. येताना बरोबर भांडीकुंडी आणली तशी भांडणेही आणली. गावाकडच्या दोन एकरांच्या वाटणीवरून भाऊ भावाशी बोलत नाही, सात-बाऱ्यावर नाव नाही म्हणून बहीण माहेरी येत नाही. रविवारी मात्र दोघेही एकाच मिस्साला येतात, एक पुढच्या बाकावर, एक पार दाराशी. प्रभूने शिकवलेली प्रार्थना दोघे म्हणतात. आम्ही आमच्या ऋण्यांस क्षमा करतो, असे त्यात कबूल करतात.

क्लॉडिनच्या भावांनी आपल्या मारेकऱ्यांना क्षमा केली, आणि आपले भांडण तर सख्ख्या भावाशी आहे. ज्याच्यावर खरेच अन्याय झाला आहे, त्याने हक्क सोडावा, असे मी म्हणत नाही. न्याय मागण्यात पाप नाही. पण दावा चालू असतानाही भावाच्या आजारपणात डबा पाठवता येतो, पुतणीच्या लग्नाला जाता येते. मान थरथरत असली तरी हात काम करू शकतात.

मिस्सात शांतीची खूण देताना शेजारच्याला हात जोडून आपण मोकळे होतो. आज बाक सोडून दाराशी बसलेल्या माणसापर्यंत चालत गेलात, तर धर्मगुरू थोडे थांबतील.