‘आढळलें नाहीं’ आणि ‘नाहीं’

श्रावणांत लोणावळ्यास धुकें उतरलें म्हणजे समोरची नागफणी दिसेनाशी होते. हाताच्या अंतरावरचें झाड दिसत नाहीं, मग डोंगराचा सुळका कोठून दिसणार? तरी खंडाळ्याचा किंवा कुरवंड्याचा कोणी मनुष्य असें म्हणत नाहीं, कीं आज नागफणी नाहीं. तो म्हणतो, आज ती दिसत नाहीं. ह्या दोन वाक्यांतील भेद डोंगराच्या बाबतींत लहान मुलासही कळतो. परंतु घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे चांगलीं शहाणीं माणसेंही तो विसरतात, आणि त्या विसरण्याचें मोल आजाऱ्यास द्यावें लागतें. म्हणून ह्या विषयाचा आज थोडा विचार करूं.

समजा, पवन मावळांतील एखाद्या गांवची एक बाई आहे. भाताची लावणी, गुरेंढोरें आणि चूल ह्यांतून तिला आजारी पडण्यासही कधीं सवड मिळाली नाहीं. दोन वर्षांपासून तिच्या पोटांत मधूनमधून कळा येतात, जुलाब होतात, आणि कांहीं कारण नसतां तोंड एकाएकीं तापून लाल होतें. अंगावरचें मांस उतरत चाललें आहे. कामशेतच्या डॉक्टरांचें औषध झालें, गुण आला नाहीं. पुण्यास नेऊन सोनोग्राफी केली, पुढें सी. टी. स्कॅन केला. दोन्ही कागदांवर एकच निष्कर्ष, कीं दोष आढळला नाहीं. घरच्यांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु कळा थांबल्या नाहींत.

आतां घरांतलें बोलणें निराळें होऊं लागतें. सासूबाई म्हणतात, हा कामाचा कंटाळा. नवरा म्हणतो, एवढे पैसे गेले, यंत्रानेंही कांहीं नाहीं म्हणून सांगितलें, मग ही कण्हते कशाला? शेजारीण बाहेरची बाधा सुचविते. शेवटीं ती बाई स्वतःच रात्रीं विचार करूं लागते, कीं हें सारें माझ्या मनाचेच खेळ तर नव्हेत? रोगानें तिची शक्ति घेतलीच होती. आतां तिचा स्वतःवरील विश्वासही गेला.

तेव्हां प्रश्न असा आहे: कागद एक सांगतो आणि देह दुसरें सांगतो, अशा वेळीं साक्ष कोणाची मानावी?

ह्याचें उत्तर देण्यापूर्वीं तपासणी म्हणजे काय हें नीट समजून घेतलें पाहिजे. प्रत्येक तपासणी हा शरीरास विचारलेला एक प्रश्न होय, आणि शरीर तेवढ्याच प्रश्नाचें उत्तर देतें. सी. टी. स्कॅन विचारतो, कीं आंत कोठें गांठ किंवा आकारांत बदल आहे काय? गांठ तांदळाच्या दाण्याएवढी असून आंतड्याच्या वळ्यांत दडलेली असेल, तर चित्रांत ती सहज निसटते. आणि रोग गांठ करणाऱ्यांपैकीं नसेलच, तर चित्र कितीही स्वच्छ आलें तरी त्यावरून कांहीं सिद्ध होत नाहीं.

अशा रोगाचें एक उदाहरण लोणावळ्यास अगदीं परकें नाहीं. वळवणचें धरण ज्या टाटा घराण्यानें बांधलें, आणि ज्याची खोपोलीस तयार झालेली वीज १९१५ सालीं मुंबईस पोंचली, त्या घराण्याचे त्या वेळचे प्रमुख सर दोराबजी टाटा. त्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या, आणि पुढच्याच वर्षीं दोराबजीही गेले. मेहेरबाईंच्या नांवानें १९३२ सालीं ह्या रोगाच्या संशोधनाकरितां निधि स्थापन झाला. आणि दोराबजींच्या नांवानें निघालेल्या विश्वस्त निधींतून मुंबईस परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें. मेहेरबाईंस जो रोग झाला, त्यांत बहुधा गांठ नसतेच. तो हाडांच्या मगजांत उपजतो आणि रक्तांत वाहतो. त्याची साक्ष चित्र देत नाहीं. सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवलेला रक्ताचा थेंब देतो. चित्र खोटें बोललें असें नव्हे. त्यास तो प्रश्न विचारलाच नव्हता.

दुसरें उदाहरण न्यूरोएंडोक्राइन नांवाच्या कर्करोगाचें. अभिनेते इरफान खान ह्यांनीं २०१८ सालीं आपणांस हा रोग झाल्याचें जाहीर केलें, आणि २०२० सालीं ते मुंबईंत वारले. तेव्हांपासून हें अवघड नांव आपल्याकडे घरोघर ऐकूं आलें. हा रोग विरळा आहे. शरीराचीं रसायनें निर्माण करणाऱ्या पेशींपासून तो उद्भवतो. आंतड्यांतील अशी गांठ कित्येकदां वर्षानुवर्षें सावकाश वाढते, आणि ती जीं द्रव्यें रक्तांत सोडते त्यांनीं तोंड लाल होणें, जुलाब, कळा हे प्रकार घडतात. हींच लक्षणें साध्या अपचनांत, आंतड्याच्या इतर विकारांत किंवा पाळी जाण्याच्या वयांतही दिसतात. म्हणून खरा रोग ओळखूं येण्यास कित्येकांचीं वर्षें जातात.

हें ओळखण्याचे मार्गही निराळे आहेत. चोवीस तासांची लघवी सांठवून तींत एक विशिष्ट द्रव्य वाढलें आहे कीं काय हें पाहतात. नेहमींचा पेट स्कॅन साखरेच्या साह्यानें रोग शोधतो. परंतु सावकाश वाढणारी गांठ साखर फारशी खात नाहीं, म्हणून ती त्यांत उजळत नाहीं. तिच्याकरितां गॅलियम नांवाच्या द्रव्याचा दुसऱ्या जातीचा पेट स्कॅन असतो. तो ह्या पेशींच्या अंगावरील खुणेस जाऊन चिकटतो. परळ येथेंच भाभा अणुसंशोधन केंद्राचें १९६३ सालीं स्थापन झालेलें रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. तेथें ह्याच खुणेच्या आधारें ल्युटेशियमचा उपचारही दिला जातो. म्हणजे ज्या बाईस एका यंत्रानें निरोगी ठरविलें, तिचा रोग दुसऱ्या यंत्रास दिसूं शकतो. मात्र तो प्रश्न विचारणारा कोणी पाहिजे.

ह्या रोगाच्या इतिहासांत एक गोष्ट मोठी बोधप्रद आहे. १९०७ सालीं ओबर्नडॉर्फर नांवाच्या जर्मन डॉक्टरानें ह्या गांठींस ‘कर्करोगासारखी’ अशा अर्थाचें नांव दिलें, कारण त्या निरुपद्रवी आहेत असें त्यास वाटलें. पुढें अधिक रोगी पाहिल्यावर १९२९ सालीं त्यानें स्वतःच लिहिलें, कीं ह्या गांठी घातकही होऊं शकतात. आपलेंच मत आपण मोडण्यांत त्यास लाज वाटली नाहीं. असा डॉक्टर भेटणें हें रोग्याचें भाग्य होय.

परंतु न्यायासाठीं दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पोटांत कळ आली कीं कर्करोग, असें मुळींच नाहीं. ज्यांचे स्कॅन स्वच्छ येतात त्यांतील बहुतेकांस कर्करोग नसतोच. भीतीच्या पाठीमागें लागून एका इस्पितळांतून दुसऱ्यांत धांवणारा, आणि त्यापायीं शेताचा तुकडा गहाण टाकणारा मनुष्यही आपण पाहतों. तपासणीसही धोका आहे. किरणांचा, सुईचा, कर्जाचा, आणि विनाकारण सांपडलेल्या क्षुल्लक डागाचा. शिवाय मनाचें दुःख शरीरांत दुखूं शकतें, आणि तेंही खरेंच दुखणें आहे. तेव्हां रोग्यानें म्हटलें तोच रोग, असा नियम करतां येत नाहीं. कळा येतात, ह्या गोष्टीची साक्ष रोग्यानें द्यावी. त्या कशानें येतात, हें ठरविणें शास्त्राचें काम. पहिली साक्ष नाकारण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

येथेंच नीतीचा मुद्दा येतो. खोटी साक्ष हें पाप आपण कचेरीपुरतें समजतों. परंतु ज्यास केवळ ‘आढळलें नाहीं’ एवढेंच ठाऊक आहे, त्यानें ‘कांहीं नाहीं’ असें ठासून सांगितलें, तर त्यानें आपल्या ज्ञानापलीकडची साक्ष दिली. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ भुईवर मुकाट्यानें बसले, तोंवर ते खरे मित्र होते. त्याच्या दुःखाचें कारण त्याच्यांतच आहे असें सिद्ध करूं लागले, तेव्हां त्यांची मैत्री संपली. आपल्या घरांत हा प्रकार स्त्रियांच्या वांट्यास अधिक येतो, कारण त्यांचें दुखणें सर्वांच्या शेवटीं मोजण्याची आपल्यास संवय आहे.

मग करावें काय? रोग्यानें एक साधी वही ठेवावी; कळ केव्हां आली, काय खाल्लें होतें, वजन किती उतरलें, हें तारखेसह लिहावें. लिहितां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलानें आईसाठीं लिहावें. जुने कागद, चित्रें आणि तुकडा काढून तपासला असल्यास त्याच्या कांचा जपून ठेवाव्या, कारण त्या दुसऱ्या जाणकारास पुन्हा पाहतां येतात. दहा डॉक्टर बदलण्यापेक्षां एका विचारी डॉक्टरास धरून राहावें आणि त्यास नम्रपणें विचारावें: ह्या तपासणीनें काय दिसत नाहीं? दुखणें असेंच राहिलें तर पुन्हा केव्हां येऊं? कोणतें लक्षण दिसल्यास तत्काळ यावें? ‘मला सांपडलें नाहीं, पण आपण शोध सोडूं नये’ असें म्हणणारा डॉक्टर अज्ञानी नव्हे. तो प्रामाणिक आहे. आणि पूर्ण शोध होऊन भय नाहीं असें ठरलें, तर तेंही मान्य करण्याचें धैर्य रोग्यानें धरावें.

घरच्यांचें काम ह्याहून सोपें, तरी फार मोठें आहे. त्या पवन मावळांतील बाईस उद्यां पुन्हा कळ आली, तर तिच्या नवऱ्यानें इतकेंच म्हणावें, “तुला दुखतंय, हे मला पटतं. कशानं दुखतंय ते अजून कळलेलं नाही. चल, पुन्हा विचारू.” ह्या बोलण्यास पैसे पडत नाहींत. गॅलियमचा स्कॅन होवो अथवा न होवो, रोग निघो अथवा न निघो, ती बाई त्या रात्रीं आपल्या घरांत एकटी राहणार नाहीं.