संशय आधीपासूनच होता

पालकांना सावध करण्यासाठी कराचीत एक छोटी फिल्म तयार झाली होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांतलं एक उचलतात, वळसा घालून परत येतात आणि त्याला खाली उतरवतात. मग एक जण फलक उलगडून दाखवतो: मूल पळवायला एक क्षण पुरतो. २०१८ साली हीच फिल्म भारतभर मोबाइलवर फिरली. मूल परत सोडण्याचा आणि फलकाचा भाग तेवढा कुणीतरी कापला होता. नवं खोटं रचायची गरजच पडली नाही.

त्या वर्षी मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवांनी देशात अनेक बळी घेतले. १ जुलैच्या रविवारी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडे बाजारात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी आले होते. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलत होता म्हणे. तेवढ्यावरून जमाव जमला. मारत मारत त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि पाचही जण मेले.

माहितीयुद्ध म्हटलं की आपण शत्रू शोधू लागतो, आणि असे शत्रू असतातही. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या ‘पेट्रियट’ दैनिकात एक निनावी पत्र छापून आलं. एड्सचा विषाणू अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत तयार झाला, असा त्यात दावा होता. त्यामागे सोव्हिएत गुप्तहेर संस्था केजीबी होती, हे पुढे उघड झालं. राईनपाड्यात मात्र कोणी केजीबी नव्हती. निरोप पुढे ढकलणाऱ्या बहुतेकांना आपण शेजाऱ्यांच्या पोरांची काळजी घेतोय असंच वाटत असणार. खोट्याचा कारखाना शोधून बंद करा, हा सल्ला इथे लंगडा पडतो.

मग अफवा नेमकी या पाच जणांवरच का बसली? बाजारात परगावचे व्यापारीही येतात. त्यांना कोणी खोलीत कोंडलं नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण पालावर राहणाऱ्या सगळ्यांवरच संशयाची सावली राहिली. आणि ती काही फक्त पोलीस ठाण्याच्या दप्तरात राहिली नाही. ‘झोप, नाहीतर झोळीवाला घेऊन जाईल,’ हे आपल्यापैकी किती जणांनी लहानपणी ऐकलंय! सुशिक्षित घरांतही ऐकलंय. मोबाइलने त्या जुन्या झोळीवाल्याला फक्त चेहरा दिला.

उपाय झाले, नाही असं नाही. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणी पाठवण्यापुरता मर्यादित केला; २०२० मध्ये फार फिरलेल्या निरोपांवर एकाच ठिकाणी पाठवण्याचं बंधन आलं. याने वेग कमी होतो, ते चांगलंच. केंद्र सरकारने २०२३ मध्ये आपल्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार आपल्याच तथ्यतपासणी विभागाला देऊ केला. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम घटनाबाह्य ठरवला. माझ्या मते हे योग्य झालं. स्वतःबद्दलची बातमी खरी की खोटी हे सरकारने स्वतःच ठरवायचं, तर मग वर्तमानपत्रं कशाला हवीत?

पण हा नियम टिकला असता तरी राईनपाड्याला त्याचा काय उपयोग होता? तिथे गरज होती ती ‘थांबा’ म्हणणाऱ्या आणि ज्याचं ऐकलं जाईल अशा माणसाची. त्याच रविवारी मालेगावात अशाच संशयावरून जमावाने पाच जणांना घेरलं. त्यांच्यात एक लहान मूलही होतं. तिथे पोलीस मध्ये उभे राहिले आणि माणसं वाचली. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे पोलीस हजर असूनही दोन साधू आणि त्यांचा चालक यांना वाचवू शकले नाहीत. टाळेबंदीत त्या भागात चोर आणि मुलं पळवणारे फिरत असल्याची अफवा पसरली होती. आणि हत्येनंतर दुसरी अफवा उठली, मारेकऱ्यांच्या धर्माची. अखेर तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करावी लागली, त्यात एकही मुसलमान नाही हे सांगण्यासाठी. खोटं खोडायला नावांची यादी वाचून दाखवावी लागते, इथपर्यंत आपण आलो.

गावात ‘थांबा’ म्हणू शकणारा असा माणूस कोण? कागदावर पोलीस पाटील आहे. १९६७ च्या कायद्याने त्याची नेमणूक होते. शिवाय आशा ताई, शाळेतले गुरुजी, बाजारातला जुना चहावाला. अफवा उठली की यांच्याकडे पहिला निरोप जायला हवा आणि ठाण्याचा फोन लगेच उचलला जायला हवा. तथ्यतपासणीचा निष्कर्ष शहरातून दोन दिवसांनी येतो, तोवर पंचनामा झालेला असतो.

यावर कोणी म्हणेल, भटक्यांनीच गावात शिरण्याआधी ठाण्यात नोंद करावी. ही सूचना मला मान्य नाही. ही त्या १८७१ च्या कायद्यातलीच हजेरी झाली, फक्त ‘तुमच्या सुरक्षेसाठी’ असं म्हणून. ओळख करून घ्यायचं काम गावाचं आहे. पाल पडलं की पोलीस पाटलाने जाऊन विचारावं, कुठून आलात, किती दिवस राहणार, पोरं शाळेत येतील का, आणि ग्रामसभेत सांगावं की ही माणसं आलीत, मी भेटलोय त्यांना.