कूर्मदासाची वारी आणि परीक्षेचा चौथा तास

पैठणचा कूर्मदास हातपायांवांचून पंढरीस निघाला व लऊळापर्यंत येऊन थांबला. तेव्हां विठ्ठलच तेथें त्याच्या भेटीस गेला, ही कथा पंढरपुरांत कीर्तनांतून सर्वांनीं ऐकलेली असते. ‘इतर वारकरी पायीं चालून आले, मग देवानें हा पक्षपात कां केला?’ असें कोणी विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. परंतु परीक्षेंत दृष्टिहीन विद्यार्थ्यास लेखनिक मिळतो आणि सरकारी नियमांप्रमाणें तासामागें २० मिनिटें अधिक मिळतात, हें कळतांच तेच श्रोते ‘हा न्याय कोणता?’ म्हणून पुसूं लागतात.

प्रश्न उडवून लावण्यासारखा नाहीं. परीक्षेचें मोल ती सर्वांस सारखी असण्यांतच आहे. मात्र सारखें काय असावें, हें आधीं ठरविलें पाहिजे. इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेंत आम्ही विद्यार्थ्याची समज मोजतों, बोटांची चपळाई नव्हे. कागद, शाई, तीन तासांची घंटा हीं मापनाचीं साधनें; मापावयाची वस्तु निराळी. ज्यास प्रश्न ऐकून घ्यावा लागतो, उत्तर सांगावें लागतें आणि दुसऱ्यानें काय लिहिलें तें पुन्हां ऐकावें लागतें, त्याचे तीन तास इतरांच्या तीन तासांएवढे नसतातच. त्यास चौथा तास दिल्यानें माप बिघडत नाहीं. तें खरें होतें. टंकलेखनाच्या वेगाची परीक्षा असेल तर तेथें वेग हाच विषय, आणि केवळ वेळ वाढवून भागणार नाहीं, हें आम्हांस मान्य आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें अशा यथोचित सोयी हा हक्क ठरविला; दुसऱ्या पक्षावर अवाजवी भार पडूं नये, एवढीच मर्यादा ठेविली. आमच्या व्यवसायबंधूंचें लक्ष या मर्यादेकडेच आधीं जातें. वर्ग वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर आणणें हा कसला भार? वेळापत्रकाचा एक कागद बदलतो, इतकेंच. अपंगत्व शेंकडा ४० भरलें तरच लेखनिक, हा हट्टहि सर्वोच्च न्यायालयानें २०२१ मध्यें चालूं दिला नाहीं. लिहितांना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या बाजूनें त्यानें निकाल दिला.

तरी कृपेची भाषा सुटत नाहीं. दर परीक्षेस विद्यार्थ्यानें अर्ज घेऊन कचेरीच्या दारांत उभें राहावें, आणि सही करणाऱ्यानें उपकार केल्यासारखी ती करावी, हा प्रकार आम्ही पाहत आलों आहोंत. लेखनिक कोण, हें तर पुष्कळदां आदल्या संध्याकाळपर्यंत ठरत नाहीं. ज्यांच्या तोंडीं रात्रभर उजळणी असावयाची, तीं मुलें त्या रात्रीं लेखनिक शोधीत असतात.