आधी पाणी बघा

अंधेरीहून पवईची बस घ्या आणि तलावाच्या काठावर सावली बघून बसा. पाय पाण्यात सोडू नका, पवईत मगरी आहेत. हातात गळही नको. इथे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचे सभासद गरवतात. बघायला मात्र सभासदत्व लागत नाही. मागे गाड्यांची घरघर चालू राहील, राहू द्या. श्वास संथ होऊ द्या.

मासे शोधायला लागू नका. वारा कुठल्या गालाला लागतोय? उन्हाळ्यात दुपारी तो समुद्राकडून येतो आणि वरचं पाणी पूर्वेच्या काठाकडे लोटतो. पडलेले किडे, शेवाळाचे कण, सगळं तिकडे जमत जातं. खाणं जमलं की खाणारे येतात. थोडा वेळ त्याच काठाकडे बघत राहा.

आता नजर जलपर्णीच्या कडेवर आणा. हिरवं संपून उघडं पाणी सुरू होतं, नेमकं तिथे. उथळ आणि खोल, ऊन आणि सावली, नाल्याची धार आणि संथ पाणी, अशा सांध्यांवर मासा थांबतो. खाणं समोर येतं आणि लपायची जागा शेपटीच्या एका फटक्यावर असते.

बुडबुडे दिसतील. एकाच जागी मोठाले निघून फुटत असतील तर खाली काहीतरी कुजतंय, तो वायू. पण बारीक बुडबुड्यांची माळ हळूहळू पुढे सरकत असेल, तर नजरेनं तिच्यामागे जा. खाली कुणीतरी चिखल उकरत चाललंय. बहुधा मृगळ, त्याचं तोंडच खाली वळलेलं. कटल्याचं तोंड वर, तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या मजल्यावरचा. त्यामुळे जागा सापडली तरी गळ किती खोल सोडायचा हा प्रश्न उरतोच.

पाणकावळे बुड्या मारत एका दिशेनं सरकत असतील तर त्यांच्यापुढे बारक्या माशांचा घोळका आहे. उथळात ढोकरी खिळल्यासारखी उभी असेल तर तिथेही. कमळपक्ष्यावर फार विसंबू नका, त्याचं लक्ष पानांवरच्या किड्यांकडे.

पहाटे आलात तर मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतील. भुकेले वाटतात, पण नसतात. कुजणारी जलपर्णी, शेवाळ, सांडपाण्यातली घाण रात्रभर प्राणवायू ओढत राहते आणि उजाडताना पाण्यात तो सगळ्यात कमी उरतो. ते दम घ्यायला वर आलेले असतात, आमिषाकडे ढुंकूनही बघत नाहीत. १८९१ साली शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव. जरा वेळ या माशांकडे बघा, गरवायची घाई आपोआप ओसरते.

आणि पावसाळ्यात काठच्या गवतापाशी तांबूस पिलांचा पुंजका वरखाली होताना दिसला, तर खाली मरळ राखणीला आहे. पिलांजवळ येईल त्याच्यावर ती धावून जाते, म्हणजे गळाला सहज लागेल. जाणता गरवणारा ती जागा ओळखतो आणि उठून पुढे जाऊन बसतो. तुम्हीही थोडं सरका. पुढून नाल्याचं तोंड जास्त नीट दिसतं.