वीस रुपयांची पावती

दान कसे द्यावे याविषयी आपल्या परंपरेने पुष्कळ सांगून ठेवले आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात तर दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकारही केले आहेत. परंतु दान घेण्यासाठी जो हात पुढे करतो, त्याचाही काही धर्म असतो की नाही, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो निवृत्तीनंतर, माघातल्या एका पहाटे, इंदूरच्या नेहरू स्टेडियमच्या फाटकाशी.

निमित्त साधे होते. कर्करोगाच्या गरीब रुग्णांना औषधे मिळावीत म्हणून एका सेवाभावी संस्थेने पाच किलोमीटरची 'वॉकेथॉन' योजली होती. आमच्या कॉलनीतला एक तरुण त्या मंडळींपैकी. "काका, तुम्ही हिशेबातले, नोंदणीच्या टेबलावर बसाल का?" असे त्याने विचारले. राज्य शासनाच्या कोषालयात हयात घालवलेल्या माणसाला कुणी हिशेबातला म्हटले की तो विरघळतोच. पहाटे साडेपाचला स्वयंसेवकाचे ओळखपत्र गळ्यात अडकवून आम्ही जाऊन बसलो. नोंदणी शुल्क ३०० रुपये; त्यात टी-शर्ट, शेवटी एक पदक आणि पोहे-जिलेबी. (इंदुरात पोहे-जिलेबीवाचून परोपकारही पार पडत नाही.)

साडेसहाच्या सुमारास गर्दी ओसरली. रस्ता झाडणारी एक सफाई कामगार बाई झाडू टेकून टेबलासमोर उभी राहिली. "बाबूजी, ये सब किसके लिए चल रहे हैं?" आम्ही सांगितले. ती क्षणभर थांबली. "मेरी जेठानी इसी में गई. मेरे भी लिख लो," असे म्हणून तिने वीस रुपयांची नोट टेबलावर ठेवली.

आमच्या पावतीपुस्तकात रकमेचा आकडा छापलेलाच होता. आम्ही नोट तिच्याकडे सरकवली आणि म्हणालो, "यहाँ तो तीन सौ वाली ही बनती है. आगे पूछ लो." पुढे विचारण्यासारखे काहीच नव्हते, पुढे पोह्यांचा ठेला होता. छत्तीस वर्षे माणसांना पुढच्या खिडकीवर पाठवण्याची जी सवय जडली होती, ती सेवेच्या टेबलावरही आमच्या आधी येऊन बसली होती. बाईने नोट घडी करून कमरेला खोचली आणि ती झाडायला लागली.

आमची बाजूही मांडली पाहिजे. पावतीशिवाय पैसा घेणे आम्ही जन्मभर पाप मानले. दान गुप्त असावे हे ठीक. पण त्याच गुप्ततेच्या पदराआड काय काय चालते, ते हिशेबाच्या माणसाला ठाऊक असते. २००६ च्या वित्त अधिनियमाने धर्मादाय संस्थांच्या निनावी देणग्यांवर कर बसवला, तो उगाच नव्हे. तेव्हा नोट नाकारण्यात अप्रामाणिकपणा खचित नव्हता. मग चुकले काय?

आमचे एक स्नेही म्हणाले, "अहो, वरचे दोनशे ऐंशी तुम्ही घालायचे होते." हा उपाय आम्हांला पटला नाही. तसे केले असते तर पुण्य आमच्या पदरी पडले असते आणि तिच्या हाती तिने न मागितलेला टी-शर्ट. तिला चालायचे नव्हते, काही विकतही घ्यायचे नव्हते. तिला जाऊबाईच्या नावाने वीस रुपये द्यायचे होते. उलट ज्यांची नोंदणी आम्ही हसतमुखाने केली, त्यांच्यातल्या कित्येकांनी आधी टी-शर्टाचे माप विचारले होते. परतफेडीवर डोळा ठेवून दिलेल्या दानाला गीता राजस म्हणते. म्हणजे राजस दानासाठी आम्ही टेबल मांडले होते, आणि सात्त्विक दान समोर आले तेव्हा त्याचा रकाना आमच्याकडे नव्हता.

अशा चालण्या-धावण्याचा अलीकडचा एक मोठा आदर्श म्हणजे कॅनडाचा टेरी फॉक्स. कर्करोगाने उजवा पाय गेलेला हा तरुण १९८० साली कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५३७३ किलोमीटर धावला. दुखणे उलटले तेव्हाच तो थांबला, आणि २८ जून १९८१ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी वारला. त्याचे मागणे होते प्रत्येक देशबांधवाकडून एक डॉलर. त्याच्या नावाने पुढे ज्या दौडी सुरू झाल्या, त्यांना प्रवेशशुल्क नाही आणि देणगीची किमान मर्यादाही नाही.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. भूदानासाठी वर्षानुवर्षे पायी हिंडणारे विनोबा १९६० साली इंदुरात मुक्कामाला होते. आमच्या घरी तेव्हा सर्वोदय-पात्र ठेवले होते, असे वडील सांगत. घरातल्या मुलाने रोज मूठभर धान्य त्यात टाकायचे. मूठ मुलाचीच हवी, मोठ्यांची नव्हे. आमची आत्या तेव्हा पाच वर्षांची. तिच्या मुठीत जेमतेम दहा-बारा दाणे मावत, आणि ते नेणारा कार्यकर्ता भांडे दोन्ही हातांनी घेई, हे वडील दरवेळी आवर्जून सांगत. ही हकीकत आम्ही शंभरदा ऐकली असेल. टेबलावर मात्र आठवली नाही.

आढावा बैठकीत आम्ही ही गोष्ट काढली. तो तरुण म्हणाला, "काका, वीस रुपयांच्या पावतीला छपाई, नोंद, माणूस, सगळेच लागते. परवडत नाही." त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. पुराच्या वर्षी खेड्यांतून पायली-दोन पायली धान्य आम्ही साध्या कागदावर सही करून स्वीकारले होते. ते परवडले की नाही, हे तेव्हा कुणी विचारले नव्हते, एवढेच आम्ही म्हणालो. बराच वेळ वाद झाला. अखेर पुढील वर्षी कोऱ्या रकमेचे एक पावतीपुस्तक ठेवायचे ठरले. बहुधा आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहून.

यंदा ते पुस्तक घेऊन आम्ही त्याच फाटकाशी बसलो. ती बाई आली नाही. तिच्याच गणवेशातल्या दुसरीला विचारले, तेव्हा तिची बदली दुसऱ्या झोनला झाल्याचे कळले. आठ वाजेपर्यंत अकरा पावत्या फाडल्या. सर्वांत लहान पाच रुपयांची. ती एका शाळकरी मुलाची होती, आणि पावतीवर आपले नाव वडिलांच्या नावासकट पूर्ण लिहावे, असा त्याचा आग्रह होता. आम्ही ते पूर्ण लिहिले.