मागच्याचा दिवा

कॉलेजात असताना बाबांच्या मारुती ८००ला मी काळसर काचेचे टेल लाइट बसवले होते. दिसायला भारी, उजेड अर्धा. यंदा सुट्टीत आलापल्लीला आल्यावर मूळचे लाल दिवे परत लावायला घेतले. आतलं माझंच वायरिंग बघून लाज वाटली: वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळलेली, अर्थिंगचा स्क्रू गंजलेला. अर्थिंग गेलं की करंट दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो. ब्रेक दाबला की भलताच दिवा मिणमिणतो.

गंज घासला, जोड सोल्डर केले. बल्बमध्ये दोन तारा असतात: ५ वॅटची सांगते ‘मी इथे आहे’, २१ वॅटची ‘मी थांबतोय’.

दोन्ही निरोप मागच्यासाठी. ते गेले तरी माझा रस्ता उजळलेलाच. सिरोंच्याच्या जंगलरस्त्यावर मागून येणारा कुणी माझ्यामुळे धडपडला असता, तरी मला कळलंही नसतं. न कळल्यानं दोष कमी होतो का? मला नाही वाटत. हेडलाइट माझी गरज आहे. टेल लाइट हे अनोळखी माणसाचं देणं.

रात्री आईला मागे उभं करून ब्रेक दाबला.

“लागला रे!”

मला फक्त आरशात तिचा लाल झालेला चेहरा दिसला.